मापाला दिलेले ब्लाऊज

अक्का,

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आणि या सोळा दिवसांत मी कुणाशी मराठीत भांडलेले नाही. घरी मुलगी इंग्रजीत भांडते, नवरा भांडतच नाही, आणि ऑफिसात रेवती तमिळमध्ये माझी समजूत घालते. समजूत मला कळते, पण ती घातली जाते तेव्हा मी आणखीच एकटी पडते. बोलायला माणसं खूप मिळतात हो. हक्कानं भांडायला मिळत नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा भेटलात तेव्हाही भांडूनच. मद्रासच्या एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत आपल्या संस्थेचा तो दुसरा मजला. घरात मार खाणाऱ्या बायकांना तिथे सल्ला मिळतो, वकील मिळतो, राहायला जागा हवी असेल तर तीही बघून देतात. मी नोकरीला लागून दोन दिवस झाले होते. फोनवर आईशी बोलत होते, तर मागून आवाज आला, "काय गे, तूं आमची कीं काय?" वळून बघते तो कपाळाला विभूती, नाकात दोन्हीकडे चमकी, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, मी सांगलीची. तुम्ही म्हणालात, "सांगली असूं दे. तुझी मराठी पेपरासारखी आहे." मी म्हटलं, तुमची पोथीसारखी आहे. तंजावरकडच्या मराठी घरात जन्मलेल्या, आयुष्यभर टायपिस्टची नोकरी केलेल्या, मैलापुरात एकट्या राहणाऱ्या तुम्ही त्यावर इतक्या हसलात, की बाहेर बसलेल्या दोन बायकाही काही न कळता हसल्या. नवऱ्याच्या तावडीतून तासाभरापूर्वी सुटून आलेल्या बायका होत्या त्या. आमच्या ऑफिसात हसू येतं हे मला त्या दिवशी कळलं.

तुमचं खरं काम मात्र त्या ऑफिसात चालत नव्हतंच. ते चालायचं मैलापूरच्या तुमच्या पुढच्या खोलीत, शिवणयंत्राशी. बाहेर पाटी होती, 'ब्लाऊज, फॉल, पिको'. संस्थेच्या दारात यायला ज्यांना भीती वाटे त्या तुमच्याकडे येत. बाई देवळात जाते म्हटलं तर सासू सोबत निघते, डॉक्टरकडे म्हटलं तर नवरा निघतो. पण टेलरकडे कोणी सोबत येत नाही. "आणि टेलर कधीं वेळेवर देती कां गे?" तुम्ही मला डोळा मारून सांगितलं होतं. एका ब्लाऊजसाठी बाईला चार खेपा घालाव्या लागतात, यावर या शहरातल्या प्रत्येक नवऱ्याचा गाढ विश्वास. तुम्ही तो विश्वास कामाला लावलात. पहिल्या खेपेला बाई मापाचा ब्लाऊज देऊन जायची, अंगाला नीट बसणारा तिचा एखादा जुना. तुम्ही तिला टेलरची पावती द्यायचात, आणि पावतीवरची तारीख म्हणजे पुढच्या भेटीची तारीख. बाईचा फोन आला तर तिचा एकच प्रश्न, ब्लाऊज झाला का? तुमचं 'झाला' म्हणजे ये, आज घरी मी एकटी आहे. 'काज राहिलं आहे' म्हणजे आज नको.

मी पुण्यात समाजकार्याची पदवी घेतली होती. त्यात हे काही शिकवलं नव्हतं.

आणि ती तुमची वही! लाल कापडी पुठ्ठ्याची. मी पहिल्यांदा उघडली तर सगळी तमिळ अक्षरं. मला तमिळ वाचता येत नाही, म्हणून रेवतीला दिली. रेवती आपल्या ऑफिसातली, मद्रासचीच, चोवीस-पंचवीसची पोर. तिनं दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, अक्षरं तमिळ आहेत पण हे तमिळ नाही, मला एक शब्द कळत नाही. तुम्ही पलीकडे बसून कॉफी ओतत होतात, वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत, आणि गालात हसत होतात. मराठी भाषा, तमिळ अक्षरं. तुमच्या घरात पिढ्यानपिढ्या असंच लिहीत आले होते, बाळबोध देवनागरी अक्षर तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. "कोण चोरलं तरी काय वाचणार? कुलूप न घालता कुलूप," असं तुम्ही म्हणालात.

मग आपलं ते नाटक सुरू झालं. वहीतलं कंप्युटरवर घ्यायचं ठरलं. रेवती वाचायची, अर्थ न कळता, ठोकळ्या ठोकळ्यांनी. आणि तिच्या तोंडून पडणारी मराठी ऐकून मी टाइप करायचे. ती ज्या वाक्याला सहज जांभई द्यायची त्या वाक्याला माझ्या अंगावर काटा यायचा. 'तापलेला तवा पाठीस.' रेवती विचारायची, पुढे वाचू? मी म्हणायचे, थांब जरा.

तेव्हा मी सुधारणा करायला निघाले होते. तुम्ही या शब्दाची टिंगल करायचात, पण एका सुधारणेला तुम्ही मनापासून दाद दिली होती, हे मी विसरलेले नाही. बाई आली की तिला तीच कहाणी पाच ठिकाणी सांगावी लागे: दारावर, समुपदेशकाला, दवाखान्यात, पोलिसांत, वकिलाला. पाचव्यांदा सांगताना तिचा स्वतःवरच विश्वास राहत नसे. मी एकच फाईल केली. एकदा सांगायचं, तिच्याच शब्दांत लिहायचं, तिला वाचून दाखवायचं आणि पुढे फाईलनं बोलायचं. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, "हें बरं केलीस गे. हें मला सुचलं नव्हतं." त्या वाक्यावर मी वर्षभर जगले. आणि त्याच वाक्यानं मी चढले, हेही खरं.

आता ते सांगते, जे तीन वर्षं सांगायचं होतं.

तिला सेल्वी म्हणू या. खरं नाव तुम्हाला ठाऊक आहे. तिरुवल्लिकेणीतल्या त्या अरुंद गल्लीतली, मोरपंखी ब्लाऊजवाली. चौथ्या खेपेला ती तयार झाली होती. जागा ठरली होती, मुलाच्या शाळेचं ठरलं होतं, पुढच्या पावतीवरच्या तारखेला ती तुमच्याकडून परत घरी जाणार नव्हती. आणि त्याच आठवड्यात मला आणखी एक सुधारणा सुचली. आमच्याकडे आलेल्या सगळ्या बायकांना मोबाईलवर संदेश पाठवायचा. 'आमची सेवा आपल्याला कशी वाटली? एक ते पाच तारे द्या.' दुपारी जेवणानंतर मी बटण दाबलं, आणि मग डब्यातली बोटं चाटत रेवतीला म्हटलं, बघ, किती सोपं.

सेल्वीनं दिलेला नंबर तिच्या नवऱ्याचा होता. वहीत शेवटच्या रकान्यात तुम्ही ते लिहून ठेवलं होतं. पण ते पान वाचलं त्या दिवशी रेवतीचा घसा बसला होता आणि मला तारखेच्या आत काम संपवायचं होतं. मी म्हटलं होतं, शेवटचा रकाना सोड, नावं आणि नंबर वाच. रेवतीची यात काहीच चूक नाही. तिला काय सोडलं हे कळायला मार्गच नव्हता. मला होता.

पावतीवरची तारीख आली आणि गेली. फोन बंद. तुम्ही मला विचारलंत, संदेश कोण पाठवलं? मी म्हटलं, अक्का, सिस्टीममधून गेला. आपोआप गेला.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. "सरि," म्हणालात, तमिळमधलं 'बरं', आणि सुईत दोरा ओवायला लागलात. पहिल्या खेपेला दोरा गेला नाही, दुसऱ्या खेपेला गेला. मी तिथेच बोलायला हवं होतं. मी रागावण्याची वाट बघत होते. तुम्ही रागावला असतात तर मी रडून सगळं ओकून टाकलं असतं. पण तुम्ही उठलात, मोरपंखी ब्लाऊज पिशवीत घातलात आणि भर उन्हात बसनं तिरुवल्लिकेणीला गेलात, टेलर म्हणून, कपडे पोचवायला. मला सोबत नेलं नाहीत. दोन तासांनी आलात ते पाय ओढत. घराला कुलूप होतं. मालकीणबाई म्हणाल्या, अचानक सामान बांधलं, त्याच्या गावाकडे गेले, गाव कुठलं ते माहीत नाही. तुम्ही पाणी प्यालात आणि म्हणालात, "पावं ती." तमिळमधला तो शब्द. बिचारी म्हणण्यापेक्षा त्यात काहीतरी जास्त आहे.

ब्लाऊज तुम्ही घडी करून लोखंडी कपाटात ठेवलात. तिथे आधीच ओळीनं घड्या होत्या, प्रत्येकीला टाचणीनं पावती. एकदा दोनदा येऊन पुन्हा न आलेल्या बायकांची मापं. तुम्ही ती कधी टाकली नाहीत.

माफी मागायला मला पुष्कळ दिवस मिळाले. नवरात्रात तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे पायऱ्यांवर बाहुल्या मांडायला मी होते. तुम्ही आजारी पडलात तेव्हा पिठलं करून घेऊन आले, तर चव घेऊन म्हणालात, "यांत जीव नाहीं, तुझ्यासारखं घाबरलं आहे." मी हसले आणि आतून चरकले. ते तारेबिरे मी गुपचूप बंद केले होते. फॉर्मच्या पहिल्याच ओळीला प्रश्न घातला होता, या नंबरवर फोन कोण उचलतं आणि आम्ही काय म्हणून बोलायचं. तुम्ही तो वाचलात, मान हलवलीत, काही विचारलं नाहीत. मला वाटलं, विसरल्या. चुकलेल्या माणसाला दुसऱ्याचं विसरणं फार लवकर पटतं.

आणि मग आपलं शेवटचं भांडण. तुम्ही जाण्याच्या आधी बारा दिवस.

संस्थेत नियम ठरत होता: तीन फोन करूनही बाई लागली नाही तर फाईल बंद. मी त्या नियमाच्या बाजूनं होते, आणि अजूनही पूर्ण विरुद्ध गेलेले नाही. उघड्या फायलींच्या ढिगाखाली काल आलेल्या बाईची फाईल दबून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तुम्हाला तेच समजावत होते. तुम्ही यंत्र थांबवून म्हणालात, "मेलेल्याचंसुद्धां वर्षाचें वर्षाला श्राद्ध करतात. जितीला तीन फोनांत सोडायचं?"

मी चिडले. चिडले कारण कपाटाचं दार उघडं होतं आणि मोरपंखी घडी मला दिसत होती. मी म्हटलं, "अक्का, ही संस्था आहे, तुमचं कपाट नाही. त्या येणार नाहीत आता. रिकामं करा ते."

तुम्ही कपाटाचं दार लोटलंत, हळूच, झोपलेल्या मुलाच्या खोलीचं लोटतात तसं. म्हणालात, "गुरुवारीं ये गे. सावकाशीं बोलूं."

त्या गुरुवारी मी आले नाही. मीटिंग होती. पुढच्या गुरुवारी मीटिंग नव्हती, तरीही आले नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या भाच्याचा फोन आला. "मॅडम, अत्या गेली. दुपारीं जेवून निजली, उठलीच नाहीं."

मी धावत आले तेव्हा घर तुमच्या माणसांनी भरलेलं होतं. सगळे तुमच्यासारखं बोलत होते, तीच पोथीतली मराठी, तोच तमिळ हेल. तुमचा तो 'गे' दहा तोंडांतून ऐकू येत होता आणि त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता. कोणीतरी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, अक्कांच्या ऑफिसातली. तेवढंच सांगता आलं. कोपऱ्यात यंत्रावर कुणीतरी ओले टॉवेल टाकले होते. मी ते उचलून दोरीवर घातले आणि निघून आले.

परवा भाच्यानं पुन्हा फोन केला. घर भाड्यानं द्यायचं आहे. "मॅडम, कपाटांत जुने ब्लाऊज आहेत, अस्के सगळे जुने, एकही धड नाहीं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी उद्यां येती आहे. तिला घालूं कीं तुम्हांस पाहिजे?" मी म्हटलं, हात लावू नका, मी येते. रेवतीला घेऊन गेले, कारण वहीही तिथेच होती आणि तुमच्या वहीला आता दोघी लागतात.

रिकाम्या खोलीत फरशीवर बसलो. प्रत्येक पावतीवरचा आकडा बघायचा, वहीत तो शोधायचा, रेवतीनं वाचायचं, मी ऐकायचं. कुणाच्या पुढे 'बहिणीकडे आहे, बरी आहे, ब्लाऊज नको म्हणाली.' कुणाच्या पुढे नुसताच पत्ता. मग मोरपंखी आला. मी म्हटलं, यातलं सगळं वाच. शेवटचा रकानाही.

रेवतीनं वाचलं. 'नंबर नवऱ्याचा. इथें कांहीं पाठवायचं नाहीं. टेलर म्हणूनच बोलायचं.' तीन वर्षांपूर्वी मी ऐकलं नव्हतं ते तिच्या सपाट आवाजात ऐकलं. पुढे घराला कुलूप होतं तो दिवस. आणि त्याखाली दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक ओळ. 'आली नाहीं. ठेव.' पुढच्या महिन्यात, 'आली नाहीं. ठेव.' पान उलटलं तरी तेच.

रेवती मध्येच थांबली. मला म्हणाली, इथे तुमचं नाव आहे.

बायकांची नावं सोडली तर एवढा एकच शब्द तिला त्या वहीत ओळखता आला होता. मी म्हटलं, वाच. तिनं बोट ठेवून वाचलं. 'संदेश वसुधा पाठवली. खोटं बोलली. घाबरली आहे. मी विचारणार नाहीं. आपण होऊन सांगेल.'

मग तिनं खालच्या ओळी वाचल्या. आता तिलाही लय कळली होती. 'आली नाहीं. ठेव. वसुधा बोलली नाहीं. असूं दे.' प्रत्येक महिन्याला दोन्ही ओळी, एकीखाली एक. नवरात्राच्या महिन्यातही. माझ्या पिठल्याच्या महिन्यातही. आपण भांडलो त्या महिन्याच्या एक तारखेलाही, आणि ते अक्षर जरा थरथरलेलं होतं, असं रेवती म्हणाली.

मी तुम्हाला विसराळू समजत होते. तुमच्याकडे माझीही एक घडी होती आणि मला पत्ता नव्हता. मी फाईल बंद करा म्हणून तुमच्याशी तावातावानं भांडत होते, तेव्हा तुम्ही माझी उघडी ठेवून समोर बसला होतात. रेवतीसमोर मी रडले. तिनं विचारलं, काय लिहिलंय? मी तिला सगळं सांगितलं, तमिळमध्ये, मोडक्यातोडक्या. तारे, बटण, सोडलेला रकाना, सिस्टीम. मोडक्या भाषेत खोटं बोलता येत नाही, तेवढे शब्दच नसतात. ती म्हणाली, त्या दिवशी माझा घसा बसला होता. मी म्हटलं, तुझा नाही गं, माझा बसला होता. तो तीन वर्षं बसला.

कपाट आता माझ्या घरी आलं आहे. नवऱ्यानं विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, गिऱ्हाइकांचं. नियम अजून ठरायचा आहे. मी लिहून दिलं आहे की फाईल बंद असं म्हणायचं नाही. वेगळी ठेवायची आणि महिन्यातून एकदा कुणीतरी हातात घ्यायची. मानतील न मानतील. तुमचा जुना फोनही माझ्याकडे आहे. काल वाजला. एक बाई दबक्या आवाजात विचारत होती, ब्लाऊज झाला का? माझ्या तमिळला ती आधी बिचकली. मी म्हटलं, झाला, या. पण पत्ता दुसरा आहे.

तुमची माफी मला तुमच्या तोंडावर मागायची होती. ते आता होणार नाही आणि त्याला काही इलाज नाही. ही एकच गोष्ट मला झोपू देत नाही, असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, पेपरासारखं लिहिलीस. पण तसंच आहे.

आज एक तारीख. रेवतीनं मला कागदावर मोठी मोठी तमिळ अक्षरं काढून दिली, बालवाडीतल्यासारखी. त्यावरून बघून बघून मी तुमच्या वहीत, तुमच्या थरथरलेल्या ओळींखाली, दोन ओळी काढल्या. हात दुखला. रेवतीला म्हटलं, वाच, बरोबर आहे का बघ. तिनं वाचलं, ठोकळ्या ठोकळ्यांनी, तुमच्याच मराठीत.

'वसुधा बोलली.

सेल्वी आली नाहीं. ठेव.'